डहाणूला जाऊन मोजलेली झाडं

आधी माफी मागते. माझं अक्षर कोंबडीने अंगण उकरल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे मला चौथीतही कळलं नव्हतं. पाचवीची शाळा लांब होती आणि घरी धाकटा भाऊ रांगत होता, म्हणून पाटी तिथेच सुटली. माझ्या सविताच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. तीच वाचून दाखवेल. चूक दिसेल तिथे तिने मनात सुधारून घ्यावं, मोठ्याने हसू नये.

ऐकणाऱ्या तुम्ही चौघी. बुधीआत्या, सोमी, रमी आणि लाडकी. तुमच्यापैकी कुणी डहाणूची ती कचेरी पाहिलेली नाही, आणि लाडकीने तर अजून समुद्रही पाहिलेला नाही. मी परत आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "कसं होतं गं डहाणू?" मी म्हटलं, "चांगलं होतं," आणि पाणी भरायला निघून गेले. चार माणसांत मला बोलता येत नाही. ग्रामसभेत हजेरी घेतात तेव्हासुद्धा माझ्या वतीने सोमीच "आहे" म्हणते. म्हणून लिहिते. जे तुम्हाला माहीत आहे तेही लिहिते, कारण तुम्हाला ते अर्धंच माहीत आहे.

निघण्याआधीचं

खाण कंपनीने पाड्यामागचा डोंगर दगडासाठी घेतला हे सगळ्यांना माहीत आहे. दगड काढायचा तर वरची झाडं जायला हवीत, आणि आपल्या तालुक्यांत झाड तोडायचं तर परवानगी लागते. परवानगीला झाडांची यादी लागते. झाडाचा नंबर, जात, आणि छातीच्या उंचीला टेप लावून घेर. ते काम कंपनीच्या सुपरवायझरने, महेशभाईने, आपल्या पाच जणींना रोजावर दिलं. सोमीने टेप धरायची, रमी आणि लाडकीने खोडावर पांढरा नंबर काढायचा, बुधीआत्याने जात सांगायची आणि मी लिहायचं, कारण पाचांत लिहिता येणारी मीच. प्रत्येक कागदाखाली सही माझी. खरं सांगू? त्या चार दिवसांत मला फार बरं वाटलं होतं. कानामागे पेन लावून मी डोंगर चढत होते.

पाचव्या दिवशी आपण वाघदेवाच्या राईशी आलो. चपला काढल्या, हात जोडले आणि राईला वळसा घालून पलीकडे गेलो. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. कोंबडीखालची अंडी मोजू नयेत, खळ्यावरची रास माप येईपर्यंत मोजू नये, आणि देवाचं तर मोजूच नये. मोजलं की घटतं.

महेशभाई म्हणाला, "बेन, मधलं रान राहिलं की."

बुधीआत्या म्हणाली, "ते देवाचं हाय. देवाचं मोजत नाय."

"नाय तर नाय," तो म्हणाला, आणि लांब जाऊन फोनवर बोलत राहिला.

इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे.

तीन दिवसांनी तो माझ्या घरी आला. मी भाकऱ्या थापत होते. त्याच्याजवळ टाईप केलेला कागद होता. राईच्या जागेची मोजणी केली, तिथे एकही झाड आढळलं नाही, असं त्यावर होतं. मी वाचलं. पिठाचं बोट ओळींखाली फिरवत, ओठ हलवत, पण शेवटपर्यंत वाचलं. तो म्हणाला, "तुम्हीच मोजली नाहीत ना, बेन? मग यादीत नाहीत. तेवढंच लिहिलंय." आणि सहा हजार रुपये चुलीशेजारच्या पाटावर ठेवले. "देवाच्या पूजेला. पाच जणींत वाटा, कोंबडा कापा, काय ते करा."

मी सही केली. मनाला सांगितलं, यादीत नाही ते तोडणार नाहीत, देव यादीबाहेर राहिला तर बरंच आहे. मनाने ऐकल्यासारखं केलं.

पूजा झाली नाही. वाटणीही झाली नाही. महिन्याभराने आमच्याकडे आरशाचं लोखंडी कपाट आलं. सविताच्या बाबांच्या ओव्हरटाइमचं, असं मी तुम्हाला सांगितलं, आणि ते बिचारे शनिवारी कारखान्यातून घरी आले तेव्हा त्यांनाही भिशीचं म्हणून सांगितलं. तुम्ही सगळ्या पाहायला आलात. लाडकीने त्या आरशासमोर केस विंचरले. मी तिच्यामागे उभी होते आणि आरशात दोघींचे चेहरे दिसत होते, म्हणून मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले.

मग पाऊस संपला आणि मशीन आलं. राईतली सात झाडं एका सकाळीत पडली. वनरक्षक फिरतीवर होता, त्याने मशीन थांबवलं. डहाणूच्या झाडांच्या समितीने सगळी परवानगीच अडवली. समिती म्हणाली, यादी खोटी आहे. कंपनी म्हणाली, यादी तुमच्याच गावच्या बायकांनी केली, ही बघा सही. ती सही डहाणूच्या फायलीतच राहिली; झाडं नाहीत हा कागद कुणी लिहून दिला हे पाड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही म्हणालात, तलाठ्याचं काम असेल. बुधीआत्याने त्याच्या सात पिढ्या काढल्या. मी तुझ्याच शेजारी बसून तांदूळ निवडत होते, आत्या. खडा एकही नव्हता, तरी निवडत होते.

सुनावणीची नोटीस माझ्या नावाने आली. तुम्हाला मी सांगितलं, सविताच्या दाखल्यासाठी डहाणूला चालले आहे.

आशागड

आदल्या दिवशी महेशभाई येऊन गेला होता. "ताई, आपल्या गाडीने चला. काही बोलायचं नाही. सही तुमची का? हो. बस, झालं." 'बेन'ची मी 'ताई' झाले होते. मी म्हटलं, गाडीत मला मळमळतं. ते खोटं नव्हतं, पण एसटीतही मळमळतंच.

फाट्यापासून तलासरी, तिथून हायवेने चारोटी, आणि चारोटीहून डहाणूची एसटी. चारोटीनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या लागतात. आपल्याकडे झाडं जशी येतील तशी वाढतात. इथे एका ओळीत, कवायतीला उभी केल्यासारखी. खिडकीतून पाहताना वाटलं, ही झाडं मोजणाऱ्याला किती सोपी.

आशागडला एसटीचं चाक बसलं. सगळे खाली उतरले. एका म्हातारीकडे उकडलेलं कोनफळ होतं, मीठ-तिखट लावून पळसाच्या पानावर द्यायची. ती सुरीने साल काढत होती, मी आपली अंगठ्याने सोलायला लागले. ती म्हणाली, "डोंगरातली दिसतेस."

"हो."

"लग्नाला?"

"कचेरीत."

"मग पोट भरून खा. कचेरीत माणूस उपाशी गेला की कायच्या काय बोलतो." तिने पानावर आणखी दोन तुकडे ठेवले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

तेवढ्यात कंपनीची पांढरी गाडी आली आणि एसटीजवळ हळू झाली. महेशभाई मान काढून बघत होता. मी म्हातारीच्या मागे जाऊन खाली बसले. गाडी गेली. उठले तेव्हा कळलं की मी पिकलेल्या चिकूंच्या पाटीत बसले होते.

म्हातारी हसून हसून खोकायला लागली. "अगं, फळं तरी बघायचीस." नुकसान किती म्हणून विचारलं तर म्हणाली, "ते सडकेच होते, गुरांना टाकायला ठेवलेले. तुझ्या लुगड्याचंच नुकसान." मी पाण्याने पुसलं, तसा तो डाग आणखी पसरला. पुढची सगळी वाट मी मागे पदर धरून उभ्याने केली, जागा होती तरी.

डहाणू, पहिला दिवस

कचेरीत मोठं आवार आहे. मधोमध वड, त्याला सिमेंटचा पार, आणि खोडावर खिळ्याने ठोकलेला पत्र्याचा नंबर. मी पारावर बसले, डाग आवाराच्या भिंतीकडे आणि तोंड खोडाकडे करून. वडाच्या बुंध्याशी कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं, दोरे गुंडाळले होते, आणि त्या दोऱ्यांच्या वर तो नंबर. आपण म्हणतो, मोजलं की घटतं. हा मोजलेला होता, पुजलेलाही होता, आणि त्याच्या पारंब्या जमिनीत उतरून त्यांचीच खोडं झाली होती. मी बराच वेळ त्या पत्र्याकडे बघत बसले. आपल्याकडे नंबर काढतात तो तोडायला. इथे काढलेला होता तो राखायला.

नाव पुकारलं ते दुपारी. आत गेले तर कारकून म्हणाला, "मॅडमना मीटिंगला जावं लागलं. उद्या अकराला या." मला इतकं हलकं वाटलं की जाताना मी त्याला नमस्कार केला.

बाहेर महेशभाई होता. "चला ताई, घरी सोडतो. उद्या पुन्हा घेऊन येतो."

"माझी बहीण राहते इथे," मी म्हटलं.

माझी कुठली बहीण? पण तुम्हाला आपली हिराबाय ठाऊक आहे. दर बुधवारी डोक्यावर सुकटीची पाटी घेऊन येणारी, राईच्या कडेच्या मोठ्या मोहाखाली बसून तांदळाच्या बदल्यात बोंबील देणारी. "कधी आलीस तर धाकट्या डहाणूत कुणालाही माझं नाव विचार," असं ती नेहमी म्हणायची. विचारायचं म्हणजे बोलायचं. तीन रिक्षा मी सोडल्या, चौथ्या रिक्षावाल्याने स्वतःच विचारलं, "मावशी, कुठे जायचं?"

धाकटी डहाणू

लाडके, हे तुझ्यासाठी लिहिते. समुद्र आधी दिसत नाही, आधी वास येतो. मग खाडी लागते. त्या वेळी ओहोटी होती, होड्या चिखलात कुशीवर निजल्या होत्या. घरांपुढे बांबूंच्या उंच वाळवणी बांधलेल्या, आणि त्यांवर बोंबील दोन-दोन जोडून, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून टांगलेले. हजारो. वारा आला की सगळे एकदम हलतात.

हिराबाय दारातच मासे साफ करत होती. मला पाहून तिने कोयता खाली ठेवला. "अगो, डोंगर चालत समुद्राला आला." मग माझ्या पाठीकडे बघून, "नि हे काय लावून आलीस?"

"चिकू."

"खायचा असतो तो."

तिने मला तिचं लुगडं दिलं आणि माझं धुऊन बोंबलांच्या शेजारी वाळत टाकलं. अजून त्याला थोडा वास आहे.

जेवायला ताजे बोंबील होते. पांढरे, लिबलिबीत, काटाही मऊ. मी विचारलं, "हे कसले मासे?"

ती घरातल्यांना हाका मारून म्हणाली, "ऐका रे, वीस वर्षं माझे बोंबील खाते नि विचारते कसले मासे. हेच गो ते. तू वाळल्यावर ओळखतेस." सगळे हसले, मीही हसले. आपल्याकडे पाहुण्याला आधी वाढतात आणि मग त्याच्याबरोबर बसतात. इथे पाहुण्यासमोर घरातली बाई बसून राहते आणि ताटातला मासा संपला की न विचारता दुसरा टाकते. नको म्हणायला तोंड रिकामं मिळत नाही.

तिचे दोन मुलगे आणि एक जावई तीन दिवसांपासून समुद्रात होते. मी विचारलं, "होडीवर किती जण आहेत?"

तिने हातानेच मला थांबवलं. मग म्हणाली, "असं विचारू नये. मासळी मोजतो आम्ही. होडीतली माणसं मोजत नाय. ती परत येईपर्यंत तोंडातून आकडा काढायचा नाय."

मी म्हटलं, "आमच्यात देवाचं मोजत नाही."

"ठाऊक हाय मला. त्या राईच्या कडेला बसून आयुष्य गेलं माझं. आता तो मोहच पाडला कुण्या मेल्याने. मागच्या बुधवारी उन्हात बसले, अर्धी सुकट घेऊन परत आले." ती कोयत्याने एकेक डोकं उडवत होती. "कुणी पाडला गो? कळलं का?"

कळलं होतं. मी तिचंच लुगडं नेसून, तिचाच मासा खाऊन बसले होते. मी म्हटलं, "नाही अजून."

सूर्य खाडीत उतरत होता. मी विचारलं, "आणि होडी परत आली नाही तर?"

"मग?"

"तरीही मोजत नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं सविताच्या लहानपणी मी तिच्याकडे पाहायची. "मग मोजतो ना गो. मग आधी तेच करतो. घरोघर जातो नि एकेकाचं नाव घेऊन मोजतो. कोण गेलं, कोण ऱ्हायलं, हे नको कळायला? परत येणाऱ्याला मोजायचं नसतं. नाय आलेल्याला नाय मोजलं तर तो कधी होताच नाय असं होतं."

एवढं बोलून ती मीठ आणायला आत गेली. तिला वाटलं असेल, मी होडीचंच विचारते आहे.

डहाणू, दुसरा दिवस

खोली लहान होती. टेबलामागे समितीच्या मॅडम आणि दोन साहेब, एका बाजूला वनखात्याचे लोक, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील आणि महेशभाई. मला खुर्ची दिली. मी तिच्या काठाला टेकले, डाग धुतला होता तरी.

वकिलांनी कागद दाखवला. "ही सही तुमची?"

"हो."

"संपलं, मॅडम. स्थानिक महिलांनी मोजणी केली आणि तिथे झाडं नाहीत असं लिहून दिलं. कंपनीने त्यांच्यावर विश्वास ठेवला. आता वनखातं म्हणतं झाडं होती. मग या बाईंना विचारा, का खोटं लिहिलं. आमची परवानगी का अडवता?"

वनखात्याचे साहेब म्हणाले, "बुंधे आहेत तिथे. ताजे. माझ्या माणसाने फोटो काढलेत."

"झुडपांचे बुंधे," वकील म्हणाले.

झुडपांचे. त्यात तो मोह होता ज्याच्या बुंध्याला आपण पाच जणींनी हात धरले तरी कवेत येत नव्हता.

मॅडमनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. "ताई, घाबरू नका. तुमचं शिक्षण किती?"

"चौथी."

"हा कागद टाईप केलेला आहे, भाषा कचेरीची आहे. तुम्हाला वाचता आला नसेल तर तसं सांगा. तुमच्यावर काही येणार नाही."

हे मी तुम्हाला नीट सांगते, कारण सगळा प्रवास या एका ठिकाणी येण्यासाठी होता. त्या बाईने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. नुसतं म्हणायचं होतं, नाही आलं वाचता. सगळ्यांना ते पटलं असतं. महेशभाई फसवणारा ठरला असता आणि मी फसलेली. यादी रद्द झाली असती, राई वाचली असती, मी घरी आले असते, आणि कपाट घरातच राहिलं असतं. पाड्यातली लिहिता येणारी बाई मी. तेवढंच माझ्याजवळ होतं, आणि तेही मी खोटं बोलून देऊन टाकायचं होतं.

मी पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.  

"वाचून केली," मी म्हटलं.

"मोठ्याने सांगा."

"वाचून केली सही. झाडं होती हे ठाऊक होतं. यांनी सहा हजार दिले. पाच जणींचे म्हणून दिले, मी एकटीने ठेवले. बाकीच्या चौघींना यातलं काही ठाऊक नाही."

वकील उठून उभे राहिले, "मॅडम, या बाई—" आणि महेशभाई म्हणाला, "पूजेला दिले होते, पूजेला." ते तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. वकिलांनी डोळे मिटून घेतले.

मॅडमनी विचारलं, "झाडं किती होती तिथे?"

"ते नाही सांगता येत. मोजली नाहीत. देवाची आहेत."

एक साहेब हसले. मॅडम हसल्या नाहीत. "मग आम्ही काय लिहायचं, ताई? आकडा नाही तर कागदावर ती झाडं नाहीतच."

मला हिराबायचा कोयता आणि तिचं बोलणं आठवलं. मी पदर सारखा केला, हात जोडले, आणि डोळे मिटून चपला काढलेल्या जागेपासून राईत शिरले.

"कडेचा मोह, जिथे हिराबाय बसते. पडला. त्याच्या मागे सोमीच्या सासूचा मोह, तोही पडला. मग दोन ऐन, जुळे. उजव्या हाताला कळंब, ज्याच्याखाली पावसात पोरं उभी राहतात. बिबळा. वाघदेवाच्या दगडावर वाकलेला करंज. बुधीआत्या लहानपणी ज्यावरून पडली तो आवळा..."

कारकून भराभर लिहीत होता. "हळू, ताई," तो दोनदा म्हणाला. मी थांबले नाही. आयुष्यात मी एकदम इतकं कधी बोलले नाही. पडलेलं आलं की पडलं म्हणायची, उभं आलं की उभं. शेवटचा ताड सांगितला आणि डोळे उघडले. कारकुनाने बोट लावून ओळी मोजल्या. "त्रेपन्न. त्यातली सात पडलेली."

मी कानांवर हात ठेवले नाहीत. आकडा ऐकला. आत्या, देवाचं मी मोजलं, त्याचा दोष असेल तर तो माझा आहे.

मॅडमनी सांगितलं ते असं. राईतलं काम बंद. वनखातं आणि गाव मिळून पुन्हा मोजणी करेल, ही नावं जोडून. आणि माझ्याकडे बघून, "पैसे कंपनीला परत करा. कशाचे ते लिहिलेली पावती घ्या आणि इथे आणून द्या. ती येईपर्यंत कंपनीचा बाकीच्या झाडांचा अर्जही पुढे जाणार नाही." मला शाबासकी कुणी दिली नाही. द्यायला नकोच होती.

झाई

बाहेर आले ती चालतच सुटले. स्टँडवर एसटी उभी होती, लोक चढत होते, मीही चढले. पाटी वाचली नाही. कचेरीत 'वाचून केली' म्हणून सांगितलं आणि तासाभराने गाडीची पाटी न वाचता बसले.

कंडक्टरने तिकीट मागितलं. मी म्हटलं, "शेवटचं." मला वाटलं शेवटचं म्हणजे तलासरी. त्याने झाईचं दिलं. ते कळलं तोपर्यंत बोर्डी मागे पडलं होतं, आणि चूक झाली म्हणून सांगायची लाज वाटली, म्हणून मी शेवटपर्यंत बसूनच राहिले.

झाई म्हणजे महाराष्ट्र संपतो ते गाव. पलीकडे गुजरात. चहावाल्या बाईने माझ्याशी गुजराती सुरू केलं, मी मराठीत उत्तर दिलं, आणि दोघींचं सगळं चाललं. ती म्हणाली, "बेन, परत जायला गाडी तासाने. तोवर दरियो जुओ." मी समुद्रावर गेले. सुरूची झाडं, काळपट वाळू, आणि लांब कुठेतरी एक होडी येत होती. ती हिराबायच्या मुलांची नसेल. तरी मी तिच्यावरची माणसं मोजली नाहीत.

लाडके, समुद्र एवढा मोठा आहे की त्याच्यासमोर रडलं तरी कुणाला दिसत नाही. मी रडून घेतलं. मग बोर्डीला मागे येऊन तलासरीची गाडी धरली. पाटी दोनदा वाचून.

क्रशरवर

कपाट पहिल्या आठवड्यातच विकलं. सविताच्या बाबांना खरं सांगितलं, ते दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनीच ते टेम्पोत चढवायला खांदा दिला. तुम्हाला सांगितलं, गंजलं म्हणून विकलं. हे शेवटचं खोटं. त्याचे निम्मे आले. उरलेल्यासाठी थंडीभर घोलवडच्या वाडीत चिकू काढायला गेले, लांब काठीला जाळी बांधलेली असते तिने. मान इतकी दुखायची की आभाळ नको वाटायचं.

पैसे देणंही सोपं नव्हतं. पहिल्यांदा महेशभाई म्हणाला, "कसले पैसे? मी दिलेच नाहीत." दुसऱ्यांदा त्याने घेतले, पण पावतीवर लिहिलं, 'मजुरीची उचल परत'. मी म्हटलं, "उचल नव्हती ती." तो म्हणाला, "मग घेऊन जा परत." मी ते पैसे पुन्हा पदराला बांधून घरी आले.

काल मोहाची पहिली फुलं पडली आणि मी तिसऱ्यांदा गेले, सगळे सहा हजार एकत्र घेऊन. खडी फोडायचा क्रशर बंद होता. धुळीने पांढऱ्या झालेल्या ट्रकांच्या रांगेत महेशभाई एकटाच बसला होता. मालकाने त्याला झापलं असावं, कारण अर्ज अजून पावतीसाठी अडलेला होता.

"द्या," तो म्हणाला. "काय लिहू?"

"तुम्ही नका लिहू. मी लिहिते."

त्याने पावतीबुक माझ्याकडे सरकवलं. मी लिहिलं: 'वाघदेवाच्या राईत झाडं असताना ती नाहीत अशी सही करण्याबद्दल जानकीने एकटीने घेतलेले रुपये सहा हजार परत मिळाले.' ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल. अक्षर तर तुम्हाला माहीतच आहे. पुस्तक मी त्याच्यापुढे ठेवलं.

तो म्हणाला, "थांबा, वाचू द्या." त्याने बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. मग नोटा मोजल्या आणि खाली सही केली.

सहा हजार. पूर्ण फिटले. पावती या वहीतच घडी करून ठेवली आहे. कचेरीत द्यायच्या आधी सविता ती तुम्हाला दाखवेल.